उघडलेला दरवाजा जातो कोठे?

दरवाजा विकत घ्यावयाचा विचार आला, की तो आपल्या डोळ्यांपुढे बहुधा मिटलेल्या अवस्थेतच उभा राहतो. पत्रा किती जाड आहे, कुलूप कोणत्या घडणीचे आहे, चोरापुढे तो किती वेळ टिकाव धरील, रंग उन्हात उडेल काय, ही सारी चौकशी बंद दरवाज्याविषयीची असते. आणि राहत्या घरापुरती ती पुरेशीही ठरते, कारण घराच्या दाराची झडप तीन फुटांची, ती भिंतीला टेकली काय किंवा अर्धवट लोटलेली राहिली काय, तिच्यामुळे कोणाचे काही अडत नाही. मोटारीचे घर, दुरुस्तीचा कारखाना किंवा वाहनविक्रीचे दालन यांची गोष्ट निराळी आहे. तेथे दहा फुटांपासून वीस-पंचवीस फुटांपर्यंत रुंद असलेली वस्तू दिवसाचे दहा-बारा तास उघडी ठेवावयाची असते, आणि त्या काळात तिचे सगळे अंग कोठेतरी, कोणाच्या तरी जागेत, मावावे लागते. म्हणून असा दरवाजा निवडताना पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, की उघडल्यावर हा जातो कोठे? ज्याने या प्रश्नाचे उत्तर जागेवर उभे राहून, टेप हातात घेऊन दिले, त्याची अर्धी निवड झाली. उरलेली अर्धी वजनाची आणि वाऱ्याची.

हा प्रश्न मोटारीहून पुष्कळ जुना आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियस पर्वताच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरातील दुकानांचे दगडी उंबरठे आजही पाहावयास मिळतात. त्यांत एका टोकापासून बहुतेक दुसऱ्या टोकापर्यंत एक लांब खाच कोरलेली असून तिच्या शेवटी झडपेचा खुंटा फिरण्यापुरता खळगा असतो. खाचेत उभ्या फळ्या एकीला लागून एक सरकवावयाच्या आणि अखेरीस माणसाच्या येण्याजाण्यापुरती एक फिरती झडप लावावयाची, अशी ती योजना. आपल्याकडील जुन्या पेठांतून किराणा दुकानदार सकाळी क्रमांक घातलेल्या फळ्या काढून आत भिंतीशी रचून ठेवताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या रोमन व्यवस्थेत परके असे काही वाटणार नाही. उघडलेला दरवाजा सुटा करून दुकानाच्या कोपऱ्यात ठेवणे हे दोन्ही ठिकाणचे उत्तर होते, आणि त्यात दोष एवढाच, की तो दरवाजा माणसाला दररोज दोन वेळा अंगावर वाहावा लागे. त्याच फळ्या परस्परांशी बिजागऱ्यांनी जोडून वरच्या रुळाला लटकाविल्या, म्हणजे प्रस्तुत लेखाचा विषय असलेला घडीचा दरवाजा तयार होतो.

मोटार आली तेव्हा तिच्यासाठी स्वतंत्र घर कोणी बांधून ठेवलेले नव्हते. मुंबईत १८९८ च्या सुमारास पहिल्या मोटारी आल्या, आणि तेथे काय किंवा पुढे संस्थानिकांच्या राजवाड्यांत काय, ती जेथे उभी राहिली ती जागा बहुधा बग्गीखान्याचीच असे. बग्गीखान्याचे दरवाजे दोन झडपांचे व बाहेर उघडणारे. घोडे जुंपण्यासाठी समोर आवार मोकळे लागेच, तेव्हा झडप आठ फुटांचा फेरा घेऊन फिरली तरी तिच्या आड येणारे काही नसे. शहरांतील आवारे आटत गेली, दरवाज्यापुढे लगेच रस्ता आला, आणि झडपेच्या त्या फेऱ्याला जागा उरली नाही. अमेरिकेत सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ साली आडव्या पट्ट्यांचा, वर सरकून छताखाली जाऊन झोपणारा दरवाजा काढला व १९२६ मध्ये त्याला विजेचे यंत्र जोडले. त्याच १९२१ साली इंग्लंडात सरकत्या दरवाज्यांचे रूळ आणि चाके करणारी हेंडरसन ही पेढी स्थापन झाली. एकाने दरवाजा वर धाडला, दुसऱ्याने बाजूला. आणि त्यानंतरची सारी निवड मुख्यतः या दोन दिशांमध्येच घोटाळत राहिली आहे.

प्रत्येक जातीच्या दरवाज्याला हा प्रश्न विचारून पाहावा. फिरत्या झडपांचा दरवाजा समोरच्या जमिनीत जातो. सोळा फुटांच्या तोंडाला आठ-आठ फुटांच्या दोन झडपा लागतात, उतार चढून आत यावयाचे असेल तर त्यांचा तळ जमिनीवर घासतो, आणि झडपेची रुंदी दुप्पट केली की वरच्या बिजागरीवरील ओढ चौपट होते, त्यामुळे अशा रुंद झडपा वर्षा-दोन वर्षांत नाक खाली घालतात. सरकता दरवाजा बाजूच्या भिंतीवर जातो. त्याला तोंडाच्या रुंदीइतकीच मोकळी भिंत शेजारी लागते, आणि बाजारपेठेत ती भिंत शेजाऱ्याची असते. लोखंडी शटर वरच्या डब्यात गुंडाळले जाते. आपल्याकडे त्याचा प्रसार सर्वाधिक, तो स्वस्तपणामुळे आणि रात्रीच्या बंदोबस्तामुळे, व त्या कामी त्याची योग्यता नाकारण्यात अर्थ नाही. परंतु डब्याला फूट-दीड फूट उंची द्यावी लागते, आठ-नऊ चौरस मीटरांपलीकडे केवळ स्प्रिंगच्या जोरावर ते हाताने नीट उचलत नाही, मग साखळी-दाते किंवा मोटर आली, आणि चढविताना-उतरविताना जो गजर होतो त्याने सबंध आळीला दुकान उघडल्याची वर्दी जाते. जॉन्सनचा दरवाजा छताखाली जातो. ज्या कारखान्यात गाडी लिफ्टवर चढवून तिच्या पोटाखाली उभे राहून काम करावयाचे, तेथे गाडीच्या टपाला हवी असलेली जागा हाच दरवाजा अडवून बसतो. जाळीदार चॅनेल गेट दोन्ही अंगांना दुमडून थोड्या जागेत बसते खरे, पण पाऊस, धूळ आणि मांजर यांपैकी कोणालाच ते अडवीत नाही.

घडीचा दरवाजा या सर्वांच्या मधला आहे, आणि मधल्या वस्तूंना असतात तसे त्याला गुणही अनेक व अटीही अनेक. बाजूला भिंत नाही, वर उंची नाही, पुढे आवार अपुरे, आणि तरीही सबंध तोंड मोकळे हवे, अशा चारही अडचणी किंवा त्यांतील निदान दोन-तीन एकत्र आल्या तरच तो घ्यावा. एरवी तेवढ्याच पैशात अधिक साधे आणि टिकाऊ काही मिळते, असे माझे मत आहे.

हिशेब करून पाहणे इष्ट. सोळा फूट रुंदीच्या तोंडाला सहा झडपा घेतल्या तर प्रत्येक झडप दोन फूट आठ इंच होते. तीन डावीकडे, तीन उजवीकडे दुमडल्या, आणि बिजागरीच्या फटीसह एकेका झडपेला अडीच इंच धरले, तर प्रत्येक बाजूस साडेसात इंच जाडीची घडी उभी राहते, म्हणजे सोळा फुटांतील सव्वा फूट घडीत गेला व पावणेपंधरा फूट हातात राहिला. शिवाय ती घडी चौकटीच्या रेषेपासून पावणेतीन फूट आत किंवा बाहेर डोकावते. कारागीर सोळा फुटांचा भाव सांगतो आणि गिऱ्हाईक सोळा फूट समजून घेते. मोकळी रुंदी किती उरणार, हे कागदावर लिहून मागण्याचा परिपाठ नाही, तो पाडला पाहिजे. झडपा कमी व रुंद घेतल्या तर घडी पातळ होते पण अधिक डोकावते, अरुंद व अनेक घेतल्या तर उलट होते आणि बिजागऱ्या वाढतात. घराच्या मोटारीला चार आणि दालनाला सहा ते आठ झडपा, हे प्रमाण बहुधा सोयीचे पडते. ज्या जुन्या बंगल्यांतील मोटारघरे मारुती ८०० साठी, म्हणजे १९८३ साली आलेल्या व जेमतेम १.४ मीटरच्या आसपास रुंद असलेल्या गाडीसाठी, पुरेशी होती, त्यांत आजची आरसे सोडून १.९ मीटरच्या आसपास जाणारी गाडी घालावयाची असेल, तर घडीत जाणारे हे इंच म्हणजे आरसा शाबूत राहणे आणि फुटणे यांतला फरक होय.

घडी लटकते कशी, यावरून तिचे दोन प्रकार पडतात. चाक झडपांच्या सांध्यावर असेल तर सगळी घडी एकाच अंगाला पडते. चाक झडपेच्या मध्यावर असेल तर घडी अर्धी आत व अर्धी बाहेर राहते, झडपेचा तोल दोन्हीकडे सारखा असल्याने बिजागऱ्यांना ओढ कमी बसते, मात्र भिंतीलगत एक अर्धी झडप घालावी लागते. रुंद व जड दरवाज्याला दुसरा प्रकार अधिक मानवतो. पहिला घेतला, तर घडी आत पाडावी की बाहेर, हे ठरवावे लागते, आणि येथे बहुतेक लोक केवळ जागेचा विचार करतात व वाऱ्याला विसरतात. बाहेर दुमडणाऱ्या दरवाज्यावर बाहेरून वारा आदळला, की तो झडपांना चौकटीच्या टेकणीवर अधिकच घट्ट दाबतो. आत दुमडणाऱ्याला तोच वारा दुमडू पाहतो, आणि मग सगळा भार खालच्या-वरच्या खिट्ट्यांवर येतो. भारतीय मानकांत बांधकामासाठी वाऱ्याचा जो मूळ वेग धरण्यास सांगितला आहे, तो मुंबईस सेकंदाला ४४ मीटर व पुण्यास ३९ मीटर आहे. वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणले की चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. मुंबईस तो सुमारे ११६० न्यूटन, म्हणजे ११८ किलोच्या वजनाइतका येतो. उंची, भोवतालची वस्ती इत्यादी कारणांनी या आकड्यात फेरफार करावे लागतात ते वेगळे, पण पंधरा चौरस मीटरच्या दरवाज्यावर ढोबळ मानाने पावणेदोन टनांचा रेटा, ही गोष्ट लक्षात ठेवली म्हणजे अर्ध्या इंचाच्या खिट्टीवर कोणी विसंबणार नाही. कोकणात पश्चिमेला तोंड असलेल्या मोटारघराला, आवार स्वतःचे असल्यास, घडी बाहेर पाडावी. शहरात पदपथावर घडी आली तर नगरपालिकेचा माणूस नोटीस घेऊन येतो, तेथे ती आत पाडण्यावाचून गत्यंतर नाही, आणि मग दर दुसऱ्या सांध्याला जमिनीत खोल जाणारी जाड खिट्टी ही काटकसरीची बाब राहत नाही.

आता वजनाकडे वळावे, कारण बिघडलेल्या घडीच्या दरवाज्यांच्या मुळाशी मी बहुतेक वेळा तेच पाहिले आहे. दरवाजा सोळा फूट रुंद आणि दहा फूट उंच, म्हणजे सुमारे पंधरा चौरस मीटर. त्यात दहा मिलिमीटरची काच घातली तर चौरस मीटरला २५ किलो या दराने केवळ काचच पावणेचारशे किलो भरते; दोन्ही अंगांनी सव्वा मिलिमीटरचा पोलादी पत्रा ठोकला तर पत्रा तीनशे किलोंच्या घरात जातो, चौकटीचे लोखंड निराळे. हा भार जमिनीने पेलावा की वरच्या तुळईने, हा प्रश्न आहे. जमिनीवर रूळ टाकून झडपा त्यावर चालविल्या तर तुळईला त्रास नाही. परंतु मोटारीच्या चाकांबरोबर येणारी माती, खडी आणि पावसाळ्यातला राडा रुळाच्या खाचेत साठतो, धुण्याच्या जागेचे पाणी त्यात शिरते, आणि आठवड्याला एक पोऱ्या खिळ्याने खाच उकरीत बसलेला दिसतो. मोटारीसाठी दरवाजा वरूनच लटकलेला असावा, खाली फक्त झडपा हलू नयेत एवढ्यापुरती उथळ मार्गदर्शक पट्टी असावी, तिला पाणी जाण्यास भोके ठेवावीत व बाहेरची फरशी आतल्याहून अर्धा इंच तरी खाली असावी.

वरून लटकवावयाचे तर तुळई तशी हवी, आणि ती बहुधा तशी नसते. आपल्याकडे एक प्रकार सर्रास घडतो. आठ-आठ फुटांचे दोन गाळे एकत्र करून, मधला खांब काढून, सोळा फुटांचे दालन केले जाते; वर एक लोखंडी गर्डर सरकविला की गवंड्याच्या मते काम झाले. तुळईचे दोन टेकूंमधील अंतर दुप्पट झाले आणि दर फुटाचा भार तोच राहिला, तर तिचा मधला झोल दुप्पट नव्हे, चौपटही नव्हे, सोळा पट होतो. भिंत उभी राहील, छप्पर पडणार नाही, सर्व काही शाबूत दिसेल. परंतु मध्यभागी दोन-तीन सूत झोल आला, की मधल्या झडपांचा तळ खालच्या पट्टीवर बसतो, आणि सकाळी नोकर खांदा लावून दरवाजा ढकलू लागतो. काँक्रीटची तुळई तर भार आल्यावर पुढे कैक महिने हळूहळू लवतच असते. यावर उपाय दोन: तुळईचा हिशेब दरवाज्याच्या वजनासह आधी स्थापत्य अभियंत्याकडून करवून घ्यावा, आणि प्रत्येक चाकाच्या लटकत्या बोल्टाला वरखाली करता येणारी चाकी असावी. आणखी एक बारकावा कारागिरांच्याही ध्यानात नसतो. दरवाजा बंद असता त्याचे वजन सबंध रुळावर पसरलेले असते. पूर्ण उघडला की तेच सारे वजन दोन टोकांच्या फूट-फूटभर लांबीत एकवटते, आणि दिवसाचा मोठा भाग ते तेथेच असते. रूळ तुळईला बांधणारे बोल्ट सारख्या अंतरावर ठोकण्याची पद्धत म्हणूनच चुकीची. टोकांकडे ते दाट हवेत. अॅल्युमिनियमचा सोळा फुटांचा रूळ पहाट आणि दुपार यांच्या तापमानात तीस अंशांचा फरक पडला तर सुमारे एक सूत वाढतो, पोलादी त्याच्या निम्मा. तेवढी फट टोकाला सोडलेली नसेल तर चैत्रातील दुपारी रूळ पोट काढतो.

वाहनविक्रीच्या दालनाविषयी माझे मत थोडे तिखट आहे. मोटारींच्या दालनात बाहेरून दिसावयाचे असते पंचवीस फूट, आणि गाडी आत-बाहेर करावयास लागतात दहा फूट. तीही दिवसातून क्वचित. अशा ठिकाणी सबंध दर्शनी बाजू घडीच्या काचेची करणे म्हणजे न लागणाऱ्या सांध्यांवर पैसा घालविणे होय. पंधरा फूट काच कायमची बसवावी, दहा फुटांत चार झडपांची घडी करावी, आणि गिऱ्हाइकासाठी निराळा दरवाजा ठेवावा, जो कडक उन्हात वातानुकूलित हवा बाहेर न सांडता उघडतो-मिटतो. काच कडक केलेली घ्यावयाची, म्हणजे फुटली तरी तिचे बोथट दाणे होतात. पण ती कडक केल्यावर कापता येत नाही, म्हणून मापे गिलावा आणि फरशी पूर्ण झाल्यावरच घ्यावीत, नकाशावरून कधीही घेऊ नयेत.

दुचाकींच्या दालनाची गरज याच्या अगदी उलट. तालुक्याच्या गावी सकाळी नऊच्या सुमारास अशा दुकानासमोर उभे राहावे. दोन पोरे आतल्या गाड्या एकेक करून बाहेर काढून पुढच्या ओट्यावर तिरप्या रांगेत लावीत असतात आणि रात्री त्याच क्रमाने आत घेतात. येथे तोंडाचा फूट न् फूट उपयोगाचा असतो. दसरा, पाडवा अशा मुहूर्तांना तर दुपारच्या आत डझनांनी गाड्या सुटावयाच्या असतात. हार घातलेली, हँडलला कुंकू लावलेली गाडी चाकाखाली लिंबू ठेवून बाहेर काढताना मागे पुढच्या कुटुंबाची पूजा चाललेली असते, आणि शटरच्या दोन गाळ्यांमधला खांब त्या दिवशी प्रत्येकाच्या कोपराला लागतो. घडीचा दरवाजा आपले मोल येथे वसूल करून देतो. मात्र एखाद्या झडपेत दिंडी दरवाजा असावा, म्हणजे हिशेबनीस रात्री उशिरा निघाला तर सगळी घडी उलगडावी लागणार नाही. हा दिंडी दरवाजा संकटसमयी सुटकेचा मार्ग समजू नये. राष्ट्रीय इमारत संहिता अशा मार्गाला निदान एक मीटर रुंदीचा, बाहेर पडण्याच्या दिशेने उघडणारा दरवाजा मागते, आणि सरकत्या किंवा वर जाणाऱ्या दरवाज्याला ती या कामी मान्यता देत नाही. त्याची तजवीज स्वतंत्रच करावी.

दुरुस्तीच्या कारखान्यात आणखी एक फायदा दिसून येतो, जो अग्निशामक दलांनी फार पूर्वी ओळखला. वर जाणारा दरवाजा अर्धवट वर गेला आहे की पूर्ण, हे बसल्या जागेवरून चालकाला नीट कळत नाही, आणि टपावरील शिडी किंवा सामानाची जाळी त्यावर आपटते. बाजूला दुमडणारा दरवाजा उघडा आहे किंवा नाही, हे समोर दिसते. हवेचे मात्र भान ठेवावे लागते. पेट्रोलची वाफ व एलपीजी हवेहून जड, ती जमिनीलगत साचतात. सीएनजी हलका, तो छताकडे जातो. तेव्हा झडपांना खालीही झरोके हवेत व वरही.

धातूविषयी थोडक्यात. समुद्रकाठी साध्या पत्र्यावर रेड ऑक्साइडचे दोन हात देऊन निश्चिंत होणे हा भोळेपणा आहे; पत्रा जस्तलेपित, बिजागऱ्यांचे खिळे गंज न लागणाऱ्या पोलादाचे, आणि अॅल्युमिनियम जेथे लोखंडाला टेकते तेथे मध्ये रबर किंवा प्लास्टिकची पट्टी, एवढे तरी असावे. चाकांची बेअरिंगे बंद घडणीची घ्यावीत. रुळाला ग्रीस चोपडू नये, त्याला धूळ चिकटून तिचा दगड होतो, ग्रॅफाइटची कोरडी भुकटी पुरते. बाहेरच्या अंगाला येणाऱ्या बिजागऱ्यांचे खिळे ठोकून काढता येत असतील तर कुलपाला काही अर्थ उरत नाही, म्हणून त्यांची टोके वेल्ड करून टाकावीत. दोन झडपांच्या सांध्यात बोट चिमटते, विशेषतः मुलांचे. तेथे रबराची पट्टी असल्याशिवाय दरवाजा ताब्यात घेऊ नये.

ताब्यात घेण्याच्या दिवशी चौकटीला ओळंबा आणि रुळाला पाणसळ लावून पाहावे, मग एका हाताने, खांदा न लावता, सबंध घडी उलगडून मिटवून पाहावी, आणि मध्येच सोडून दिल्यावर ती आपोआप एका बाजूस चालू लागते काय, हे पाहावे. चालू लागली तर रूळ समतल नाही. हे सर्व बिनचूक निघाले तरी पूर्ण रक्कम लगेच चुकती करू नये. नवीन तुळई, नवीन गिलावा आणि नवा दरवाजा यांना परस्परांशी जुळवून घेण्यास एक उन्हाळा व एक पावसाळा लागतो, तोवर कोठली तरी झडप सूतभर खाली येतेच, आणि लटकते बोल्ट त्यासाठीच असले तरी ते फिरविण्यास कारागीर पुन्हा यावा लागतो. दसऱ्याच्या आधी एक वेळ येऊन झडपा उचलून समतल करून देणे, हे कलम करारनाम्यात घालावे व शेवटचा हप्ता त्या तारखेचा ठेवावा.